कोरे सरांचे नवे देश

सोव्हिएत युनियन मोडला त्या आठवड्यात कोरे सरांनी आमच्या लॉ कॉलेजात पेढे वाटले.

बीडमध्ये पेढे वाटायची कारणं तेव्हा ठरलेली होती. मुलगा झाला, नोकरी लागली, नाहीतर घरातलं कुणी निवडून आलं. सर वर्गात शिरले ते पेढ्यांचा पुडा डोक्याच्या वर धरून, जिना पळत चढल्यासारखी धाप लागलेली, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं.

"झाले! एकदम झाले! घ्या, तोंड गोड करा!"

पहिल्या बाकावरच्या ज्ञानोबा खळेनं विचारलं, "नातू झाला का सर?"

"नातू काय घेऊन बसलास? देश झाले, देश! एक मोडला आन त्याच्यातून ही एवढी रांग निघाली. अरे, आयुष्यभर एखादा नवा देश बघायला मिळावा म्हणून वाट बघत होतो मी. हितं पायलीनं आलेत!"

मुजीबनं मात्र पेढा घेतला नाही. त्याचे वडील बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुने लाल बावट्याचे कार्यकर्ते होते. तो उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलेलं नाही. अब्बा रेडिओजवळून हलत नाहीत. आन तुमी पेढे वाटताय?"

सरांनी पुडा टेबलावर ठेवला. "तुझ्या वडलांचं दुःख खोटं न्हाई बे मुजीब. जे गेलं त्याच्यासाठी त्यांनी रडावंच. पण जे जन्माला आलं त्याचं बारसं बी कुणीतरी करायला पायजे. मी बारशाचे पेढे वाटतोय, तेराव्याचे न्हाई."

मुजीब पुढे आला. मग त्यानं पेढा घेतला आणि आणखी एक मागून रुमालात बांधला. वडील खातील की फेकून देतील, त्याला ठाऊक नसावं.

मन्मथ विश्वनाथ कोरे. बाजारात त्यांना कोरेआप्पा म्हणत, कारण घराणं लिंगायत कापडवाल्यांचं. मोठा भाऊ दुकानाच्या गादीवर बसायचा, हे मात्र हैदराबादेला जाऊन कायदा शिकून आले आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रेमात पडले. बीडमध्ये त्या विषयाचा कुणाला काय उपयोग, हा प्रश्न त्यांना भावापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. दिवाणी शिकवणाऱ्या मास्तरला पक्षकार मिळतात, फौजदारीवाल्याला पोलीस सलाम करतात, यांच्याकडे कोण येणार? सर म्हणायचे, "येईल की. एखादा देश येईल."

आमचं कॉलेज सकाळचं. कुणी धान्याच्या मोंढ्यात कामाला, कुणी कचेरीत, मी दुपारी पालीच्या शाळेत शिकवायचे. म्हणून सर मला मास्तरीणबाई म्हणत. बहुतेक जण जांभया देतच येत. पण सरांच्या तासाला कुणाला झोप लागल्याचं मला आठवत नाही. व्याख्यान ते सुरू करायचे शुद्ध छापील मराठीत. "राज्याच्या अस्तित्वाचे चार घटक मानले जातात." पाचेक मिनिटं असं चालायचं. मग विषय रंगात आला की छापील मराठी गळून पडायची, शर्टाच्या आतलं, गळ्यातलं इष्टलिंग दोरीसकट बाहेर यायचं, आणि सर बाकांच्या मधून हिंडत ओरडायला लागायचे. "मानसं पायजेत! जमीन पायजे! कारभार पायजे! आन चार शेजाऱ्यांशी बोलायची ताकद पायजे! एवढं हाय ना? मग हाय ना राज्य! मग मान्यता कावून मागता?"

हा त्यांचा जिव्हाळ्याचा वाद. पुस्तकात दोन मतं होती. एक म्हणतं, दुसऱ्या देशांनी मान्यता दिल्याशिवाय राज्य जन्मतच नाही. दुसरं म्हणतं, राज्य आधीच असतं, मान्यता देणारे फक्त ते मान्य करतात. सर दुसऱ्या मताचे, आणि नुसते नव्हे तर कडवे. "वस्तुस्थिती आधी, शिक्का मागून," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. कुणी उशिरा येऊन हजेरी मागितली की ज्ञानोबाच पहिल्या बाकावरून म्हणायचा, "सर, ह्यो वस्तुस्थितीत आलाय, शिक्का मारा."

कॉलेजातल्या जगाच्या नकाशावर सोव्हिएत युनियन भला मोठा गुलाबी पसरलेला होता. नकाशा मागून कापड लावलेला होता. नवा मागवा म्हणून सरांनी अर्ज केला तेव्हा कार्यालयानं सांगितलं, जुना फाटला की बघू. सरांनी तो नकाशा गुंडाळून लूनावर आडवा टाकला आणि घरी नेला. पुढच्या आठवड्यात परत आणला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. गुलाबी रंगावर काळ्या दोऱ्यानं बारीक धावदोरा घातलेला. युक्रेन, कझाकस्तान, उझबेकिस्तान, सगळ्यांच्या सीमा शिवून काढलेल्या. सरांनी भावाच्या दुकानातल्या शिंप्याच्या खडूनं रेघा मारल्या होत्या आणि टाके त्यांच्या बायकोनं, महानंदाकाकूंनी घातले होते.

"बाल्टिक समुद्राकाठच्या ह्या तिघांना वेगळा दोरा हाय, बघा," सर कौतुकानं दाखवत होते. "लाल. ही नवी न्हाईत. आदी राज्यं व्हतीच, मधी गिळली व्हती. ती आता जागी झालीत. जन्मणं येगळं आन जागं होणं येगळं, हाय का न्हाई?"

काकूंना मी नंतर भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "कसले बाई ते देश, एकाची सीव सरळ न्हाई. माझं बोट चाळण झालं. पण ह्यांचा चेहरा बघितला असतास, तर तू बी शिवलं असतंस."

खरी गंमत सुरू झाली ती ज्ञानोबामुळे. चार घटकांची उजळणी चालू असताना तो सहज म्हणाला, "सर, मग आमची खळेवस्ती बी राज्यच हाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "सांग."

चकलांब्याच्या वाटेवर, मूळच्या मोठ्या गावापासून बरीच लांब, ओढ्यापलीकडे ज्ञानोबाची वस्ती होती. आजोबांच्या काळात चार भाऊबंद शेतात राहायला गेले, विहिरी पाडल्या, वाढत वाढत शंभराच्या आसपास घरं झाली. पण सरकारी कागदावर तिचं नाव नव्हतं. कागदावर सगळं मोठं गावच. शाळा मागितली तर गाव कुठाय? रेशन मागितलं तर गाव कुठाय? मतदान ओढ्यापलीकडे. पाणी चढलं की बायकांचं मत घरातच. मागच्या पावसाळ्यात अडलेली बाई ओढ्याच्या काठावरच बाळंत झाली होती.

सर उठले. "रविवारी सगळ्यांनी स्टँडवर यायचं. प्रात्यक्षिक हाय."

आंतरराष्ट्रीय कायद्याचं प्रात्यक्षिक! आम्ही पंधरा-वीस जण एस.टी.नं निघालो, पुढे टेम्पोत बसलो. जानेवारीतली लख्ख सकाळ होती, ज्वारी कणसात आलेली. खळेवस्तीवर कुणीतरी बातमी उठवली होती की बीडहून साहेब लोक येतायत, म्हणून लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरलेली आणि हार तयार. सरांनी हार घातला नाही. हातात घेतला आणि विचारलं, "तुमची हद्द कुठून कुठवर?"

एक म्हातारा उठला आणि आम्हाला घेऊन निघाला. ह्या बांधापासून त्या बाभळीपर्यंत, तिथून ओढा. एकाही माणसानं त्याला मध्ये टोकलं नाही. सर त्याच्यामागे चालता चालता आमच्याकडे वळून कुजबुजले, "बघा, सीमेवर तंटा न्हाई. लई देशांना हे नशिबी न्हाई."

कारभार? लिंबाखाली पाच जण बसतात. विहिरीच्या पाळीवरून भांडण झालं तर ते सांगतील ते ऐकायचं. ऐकलं नाही तर? "त्याच्या घरी लग्नाला कुनी जात न्हाई," ज्ञानोबाचा चुलता म्हणाला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मुजीबच्या पाठीत थाप मारली.

पण मुजीब वकिली डोक्याचा. त्यानं निम्म्या घरांना लागलेली कुलपं बघितली होती. "सर, कायम लोकसंख्या कुठंय? अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली. सहा महिने माणूसच नसतं. पहिल्याच घटकात केस पडली."

तेवढ्यात सोनाबाई उठल्या. ज्ञानोबाची आजी, काळीसावळी, ताठ, नाकात चमकी.

"का रं पोरा? उसाला गेलेली मानसं मरत्यात का? दसरा झाला की जात्यात, पाडव्याला येत्यात. कुलूप लावून जात्यात, घर मोडून न्हाई जात. कुलूप कावून लावतं मानूस? परत यायचं आसतं म्हनून."

मुजीबनं हात जोडले. सर त्यांच्याजवळ गेले. मग अगदी हळू विचारलं, "आजी, शेवटचं. दुसऱ्या गावांशी तुमचा काय संबंध?"

"संबंध? उमापूरला चार लेकी देल्यात. चकलांब्याच्या पाच सुना आणल्यात. आजून काय संबंध ठिवावं म्हन्ता?"

सरांनी हातातला हार सोनाबाईंच्या गळ्यात घातला. त्या लाजून पदराआड हसायला लागल्या, आणि आख्खी वस्ती हसायला लागली.

परतताना फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. मुजीबनं विचारलं, "सर, तुमाला ह्या मान्यतेचं एवढं वेड कशानं लागलं?"

सर मैलाच्या दगडावर बसले होते. त्यांनी सांगितलं ते मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. निजामाच्या राज्यातले शेवटचे महिने, गावोगाव रझाकारांची भीती. सर सात-आठ वर्षांचे. वडिलांनी बायकापोरांना बैलगाडीत घालून हद्दीपलीकडे नगरकडच्या गावात पाठवलं. तिथली पोरं यांना 'मोगलाईतला' म्हणून चिडवायची. आई आजारी पडली. तिला सुंठ आणायला म्हणून सर दुकानात गेले आणि मुठीतलं नाणं पुढे केलं. दुकानदारानं ते उलटसुलट करून परत दिलं. "हे मोगलाईतलं. हितं चालत न्हाई."

"नाणं चांदीसारखं चकाकत व्हतं," सर म्हणाले. "आमच्या गावात त्याच्यावर काय बी आलं आसतं. एक ओढा वलांडला आन ते नुसतं पत्र्याचं चकतं झालं. दुकानदार वाईट नव्हता, त्यानं सुंठ तशीच दिली. पण मी घरी येऊन आईला इचारलं, आई, मग आपुन कुठले? ती म्हनली, आत्ता काय सांगू बाबा, थांब थोडं. त्या 'थांब थोडं'चं उत्तर हुडकीत मी कायद्याकडं आलो."

मुजीब हळूच म्हणाला, "माझे आजोबा निजामाच्या टपालात होते सर. ते राज्य गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं."

"वाटणारच की. त्यांनी मानसांची पत्रं वाटली, राजाची न्हाई." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एस.टी. आली तेव्हा दोघं एकाच बाकावर बसले आणि हैदराबाद खरंच राज्य होतं का, यावर बीड येईपर्यंत भांडले.

चार दिवसांनी सरांना भाऊसाहेबांचं बोलावणं आलं. भाऊसाहेब मोठ्या गावचे, जमीनजुमला असलेले, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवत होते आणि आमच्या कॉलेजच्या संस्थेचे संचालकही होते. खळेवस्ती वेगळी झाली तर मोठ्या गावच्या पंचायतीतलं त्यांचं बहुमत जाणार, हे तालुक्यात सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी मी फीची मुदत वाढवून घ्यायला कार्यालयात उभी होते, म्हणून संभाषण कानावर पडलं.

"आप्पा," भाऊसाहेब गोड आवाजात म्हणाले, "तुमी पोरांना परदेश शिकवा. आफ्रिका शिकवा, अमेरिका शिकवा. आमच्या तालुक्याचा नकाशा तेवढा आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"भाऊसाहेब, मी नकाशाला हात लावला न्हाई. फक्त मानसं हायेत का, ते बघून आलो."

"मानसं कुठं बी असत्यात, आप्पा."

"तेच तर म्हणतोय मी," सर म्हणाले आणि नमस्कार करून बाहेर पडले. बाहेर मला बघून डोळा बारीक केला, पण कपाळावर घाम होता. त्यांच्या नोकरीची अजून बरीच वर्षं राहिली होती आणि धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं.

त्या वसंतात बोस्नियाच्या बातम्या यायला लागल्या. देशांनी मान्यता दिली आणि त्याच सुमारास तोफा सुरू झाल्या. सर वर्गात आले, खडू उचलला आणि परत ठेवला. मुजीबनं विचारलं, "सर, आता तर शिक्का बी मिळाला. मग माणसं कशानं मरतायत?" सर खिडकीशी गेले. "मान्यता म्हंजे कवच न्हाई रे," एवढंच म्हणाले. "मी तुमाला अर्धंच शिकवलं." त्या दिवशी तास लवकर सुटला. उत्साहाचा धबधबा असलेला हा माणूस असा गप्प झालेला मी तेव्हाच काय तो पाहिला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि नव्या वेळापत्रकात आंतरराष्ट्रीय कायदाच नव्हता. विषय ऐच्छिक होता. संस्थेनं त्याऐवजी दुसरा घेतला. सरांना दिला होता जमीन महसूल. सातबारा, फेरफार, गावठाण, शेतसारा! आम्हाला वाईट वाटलं. देशांची बारशी करणाऱ्या माणसाला बांधावर आणून बसवलं होतं. मी आणि ज्ञानोबा त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "चार दिवस झाले, ते जाडं पुस्तक घेऊन माडीवर बसलेत. जेवायला हाक मारली तरी येत न्हाईत. मला तर बाई काळजी लागली."

तेवढ्यात वरून आरोळी आली. आधी वाटलं सर पडले. आम्ही जिन्याकडे धावलो तर सर जिन्यातच भेटले, पुस्तक छातीशी, एका पायात चप्पल.

"सापडलं! ज्ञानोबा, सापडलं! अरे, ह्याच्यातच लिवलंय! वाडी-वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येतं! कलम हाय! एवढी वर्षं मी जिनिव्हात हुडकत व्हतो आन ते हितं, महसुलाच्या पुस्तकात बसलं व्हतं!" त्यांनी ज्ञानोबाला मिठी मारली. "भाऊसाहेबांचे उपकार हायेत आपल्यावर. त्यांनीच मला हा विषय दिला!"

काकू तोंडाला पदर लावून खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

अर्ज झाला. तलाठ्याची पाहणी झाली, मोठ्या गावाची हरकत झाली, आणि सुनावणी बीडला कचेरीत लागली. सर मास्तर, वकिलीची सनद त्यांनी घेतलेली नव्हती, त्यामुळे बोलायचा हक्क नाही. ते मागच्या बाकावर, आमच्यात. पुढे अर्जदार म्हणून ज्ञानोबा, अंगावर काळा कोट असल्यासारखा गंभीर. भाऊसाहेब निवडून आलेले होते. ते स्वतः आले होते, वकिलासह. वकील म्हणाले, ही शेतातली घरं आहेत, गाव म्हणून यांना कधीच कुणी ओळखलेलं नाही, मोठ्या गावाचाच तो भाग. बोलणं मुद्देसूद होतं. ज्ञानोबा अडखळायला लागला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचं आहे?"

सोनाबाई उठल्या.

"मला वकिलाचं कळत न्हाई. मला ह्या भाऊसायबांना इचारायचंय." त्या थेट त्यांच्याकडे वळल्या. "भाऊसायेब, मतं मागाया तुमी आमच्या लिंबाखाली आलतात. हात जोडून म्हनलतात, ह्या गावानं मला निवडून द्यावं, ह्या गावचा रस्ता मी करीन. समद्यांनी ऐकलंय. मत मागताना गाव हुतं, आन आता वस्ती कशी झाली?"

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सर उभे होते, बोट वर करून, चेहरा लालबुंद.

"गर्भित मान्यता! साहेब, गर्भित मान्यता! तोंडानं न्हाई म्हणून वागण्यानं हो म्हणणं! एकदा दिली की फिरवता येत न्हाई!"

"आपण कोण?" अधिकारी म्हणाले.

"मी... मी महसूल कायद्याचा प्राध्यापक."

"खाली बसा."

सर बसले. पण अधिकारी मान खाली घालून हसू दाबत होते, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. आणि भाऊसाहेब? भाऊसाहेबही मोठा माणूस. ते खळखळून हसले आणि म्हणाले, "मावशी, तुमी माझ्याकडून उभ्या ऱ्हायला पायजे व्हतात."

निकाल लगेच लागला नाही. कागद बीडहून वर गेला, वरून खाली आला. मधल्या काळात चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, एक गोळी न सुटता. काकूंनी तेवढी एक रेघ शिवली आणि दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "हे बघा, ह्यांनी शिवणीवर नीट उसवून घेतलं. बाकीच्यांनी टराटरा फाडलं." सरांनी ते वाक्य आम्हाला इतक्यांदा सांगितलं की आम्हाला पाठ झालं. "चाळीस पुस्तकं वाचली मी, पण कुणाला असं सांगता आलं न्हाई."

आणि एक दिवस, पालीच्या शाळेत मी पाढे घेत असताना, दारात लूना येऊन थांबली. सर आत आलेच नाहीत. दारातूनच ओरडले, "मास्तरीणबाई, झालं! खळेवस्ती गाव झालं!" माझ्या वर्गातल्या पोरांना काय कळलं देव जाणे, पण ती टाळ्या वाजवायला लागली. सर त्यांच्यासमोर वाकले आणि लूनाला किक मारून पुढच्याला सांगायला गेले.

भाऊसाहेबांनी त्यांचा विषय मात्र परत दिला नाही. सर तक्रार न करता निवृत्तीपर्यंत महसूल शिकवत राहिले. आंतरराष्ट्रीय कायदा त्यांनी रविवारी सकाळी भावाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर सुरू केला. परीक्षा नाही, हजेरी नाही. मुजीब यायचा, एक शिंपी यायचा, आणि कधीकधी मुजीबचे वडील येऊन सरांशी कडाडून भांडायचे. माझं लग्न झालं, बदली घेऊन मी लातूरकडे गेले. सर गेल्याचं मला काकूंच्या फोनवरून कळलं, तेव्हा जाणं जमलं नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते खळेवस्तीवरच. नवी ग्रामपंचायत झाली होती, ज्ञानोबा सरपंच, आणि पहिल्या ग्रामसभेला त्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. लिंबाखाली मांडव, लाऊडस्पीकर, सोनाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर. सरांचं भाषण झालं, ते नेहमीसारखं छापील मराठीत सुरू होऊन आरोळीत संपलं. जेवणं उरकल्यावर मी निघाले. टेम्पोपर्यंत सोडायला ज्ञानोबा आणि सर दोघंही आले.

रस्त्याच्या कडेला दहा-बारा माणसं थांबलेली होती. त्यांच्यातली एक तरुण बाई, कडेवर मूल, पुढे आली. "सर तुमीच का? आमी ह्याच वस्तीतले, वरच्या माळावरचे. आमचं पानी खालची आळी तोडती. शाळा खाली, टाकी खाली, समदं खाली. आमाला येगळं व्हायचंय."

ज्ञानोबाचं तोंड उतरलं. "सर, चारच घरं हायेत ती. लगीच काय मनावर घेता? आत्ता कुठं आपलं बस्तान बसतंय."

सरांनी त्याच्याकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. टेम्पो सुरू झाला होता. मी मागच्या फळीला धरून बघत राहिले. सरांनी खिशातला रुमाल धुळीत अंथरला, त्यावर मांडी घालून बसले, आणि ज्ञानोबाचा हात धरून त्यालाही शेजारी बसवलं. धुरळ्यातून त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला.

"बस बे सरपंच, ऐकून तर घेऊ. हं बाई, सांगा. मानसं किती, आन तुमची शीव कुठून लागती?"